विखुरलेली टीम, वेगवेगळे स्वभाव: कामाची रीत कशी बसवावी

ऐरोलीच्या माइंडस्पेस आयटी पार्कमध्ये कागदोपत्री दहा जणांची टीम असते. प्रत्यक्षात मंगळवारी-गुरुवारी चौघं ऑफिसला येतात. एक जण घोडबंदर रोडवर कासारवडवलीहून घरून काम करते, दोघं खारघर-पनवेलकडचे, एक जण करोनात साताऱ्याला गेला तो तिथलाच झाला, आणि क्लायंटकडचे दोघं न्यू जर्सीत. महापे, वागळे इस्टेट, बेलापूर, कुठेही गेलात तरी थोड्याफार फरकाने हेच चित्र.

अशा टीमचं काम अडलं की पहिलं वाक्य कानावर येतं, ‘स्वभाव जुळत नाहीत.’ मला हे निदान पटत नाही. स्वभाव जुळलेच पाहिजेत असं काही नाही, आणि मॅनेजरने जीव तोडून समजावलं म्हणून तिशी-पस्तिशीच्या माणसाचा स्वभाव बदलतही नाही. बदलता येते ती कामाची रीत. कोण कधी बोलतं, काय लिहून ठेवलं जातं, किती वेळात उत्तर अपेक्षित आहे, या तीन गोष्टी नीट बसवल्या की अबोल, बोलका, चिंता करणारा आणि वाद घालणारा असे सगळे एका टीममध्ये चांगलं काम करू शकतात. हे मार्गदर्शन पाच ते बारा जणांची टीम सांभाळणाऱ्यांसाठी आहे. पहिल्या दोन पायऱ्या समजून घेण्याच्या, पुढच्या करण्याच्या.

पायरी १: शिक्के सोडा, पाच मापं धरा

मानसशास्त्रात आज स्वभावाची सर्वांत जास्त आधार असलेली मांडणी पाच गुणांची आहे: काटेकोरपणा, बहिर्मुखता, मिळतंजुळतं घेण्याची वृत्ती, चिंतेकडे असलेला कल आणि नव्याबद्दलचं कुतूहल. लुइस गोल्डबर्ग, पॉल कोस्टा आणि रॉबर्ट मक्रे यांच्या संशोधनातून ती रूढ झाली. प्रत्येक माणूस या प्रत्येक मापावर कुठेतरी असतो, आणि बहुतेक जण मध्याच्या आसपासच असतात. म्हणूनच मायर्स-ब्रिग्जसारख्या, चार अक्षरांत माणूस सांगणाऱ्या चाचण्यांवर टीम उभारू नका. मध्यावर असलेल्या माणसाला अशी चाचणी रेषेच्या अलीकडे किंवा पलीकडे ढकलते. काही आठवड्यांनी तोच माणूस तीच चाचणी पुन्हा देतो आणि एखादं अक्षर बदलून येतं.

मरे बॅरिक आणि मायकेल माउंट यांनी १९९१ मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा सगळ्या व्यवसायगटांत चांगल्या कामगिरीशी सातत्याने जोडलेला गुण काटेकोरपणा हाच निघाला. टीमचं गणित मात्र एकट्या माणसाच्या गणितापेक्षा वेगळं असतं. सुझान बेल यांचं २००७ चं विश्लेषण मला यात फार उपयोगी वाटतं. प्रत्यक्ष नोकरीतल्या टीममध्ये काटेकोरपणाच्या बाबतीत टीमची सरासरी महत्त्वाची ठरली, पण मिळतंजुळतं घेण्याच्या बाबतीत सर्वांत कमी असलेल्या माणसाची पातळी. म्हणजे एकाचा थोडा ढिलेपणा बाकीचे भरून काढू शकतात. एकाचा तुसडेपणा मात्र नऊ जणांच्या चांगुलपणाने झाकला जात नाही. टीम लीडने आपला वेळ कुठे घालवायचा, याचं उत्तर इथे आहे.

पायरी २: पडद्याआड काय हरवतं ते ओळखा

ऑफिसात अबोल माणसाच्याही कपाळावर आठी दिसते. चहाला जाता-जाता तो ‘ते काही मला पटलं नाही’ म्हणतो. ऑनलाइन कॉलवर यातलं काहीच पोचत नाही, उरतो म्यूट केलेला एक चौकोन. बोलका माणूस ऑफिसात वातावरण हलकं ठेवतो. तोच कॉलवर सलग पंधरा मिनिटं बोलतो, कारण समोरच्यांची चुळबुळ त्याला दिसत नाही.

गप्प राहण्याचं तर फारच वाकडं होतं. वेगवेगळ्या देशांत विखुरलेल्या टीमवरचा कॅथरीन क्रॅम्टन यांचा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की गप्प राहण्याचे अर्थ कितीतरी निघू शकतात: मान्य आहे, अजिबात मान्य नाही, बाहेरगावी आहे, नेट बंद आहे, उत्तर हवं होतं हेच कळलं नाही. समोरच्याची परिस्थिती माहीत नसली की आपण खापर त्याच्या स्वभावावर फोडतो. घणसोलीत महावितरणची लाइन गेली आणि इन्व्हर्टरवर वायफाय जोडलेलं नसलं तर माणूस तासभर गायब होतो. सगळे एका मजल्यावर असते तर ‘लाइट गेली’ म्हणून सगळ्यांनी मिळून चहा घेतला असता. घरून काम करणाऱ्याच्या नावावर मात्र ‘हा कधी वेळेवर सापडत नाही’ अशी नोंद होते, आणि ती महिनोन्‌महिने पुसली जात नाही.

लिहिलेल्या सुराचंही असंच. जस्टिन क्रूगर, निकोलस एप्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये दाखवलं की ई-मेल लिहिणाऱ्याला आपली थट्टा किंवा गांभीर्य समोरच्याला जितकं कळेल असं वाटतं, तितकं ते कळत नाही. तुम्ही रात्री साडेनऊला ‘उद्या जरा बोलायचंय’ एवढंच टाकता. मुळात शांत असलेला माणूस ‘ओके’ लिहून झोपतो. चिंता करणारा माणूस रात्रभर गेल्या महिन्याचं काम डोक्यात तपासत बसतो. ‘उद्या ११ ला दहा मिनिटं बोलू, रिलीजच्या तारखेबद्दल. काळजीचं काही नाही.’ एवढं लिहायला अर्धं मिनिट जास्त लागतं, पण एका माणसाची झोप वाचते.

पायरी ३: दोन आठवडे नुसतं निरीक्षण करा

चाचणी घेऊ नका. माणसं कामात कशी वागतात ते पाहा. कॉलवर काहीच न बोलणारी व्यक्ती नंतर चॅटवर मुद्देसूद लिहिते का? वाईट बातमी कोण आधी सांगतं, कोण शेवटच्या दिवशी? ‘करतो’ म्हटलेलं कोणाचं खरंच वेळेत होतं? दुसऱ्याच्या अडचणीत न सांगता कोण मदतीला जातं? एक व्यक्ती बोलायला लागली की बाकीचे गप्प होतात, असं कुठे घडतं?

मग प्रत्येकाशी अर्धा तास एकट्याने बोला, आणि तुम्हाला जे दिसलं ते त्याला सांगून टाका. मनातल्या मनात लोकांची यादी करून ठेवणं बरं नाही. त्यातून ग्रह तयार होतात आणि माणसाला आपली बाजू मांडायची संधीच मिळत नाही. ‘कॉलवर तू कमी बोलतेस, पण नंतर लिहिलेले मुद्दे नेमके असतात. मीटिंगच्या आधी विषय लिहून मिळाला तर सोपं जाईल का?’ असं विचारलं की बहुतेक वेळा समोरून ‘हो, तेच हवं होतं’ येतं.

पायरी ४: प्रत्येकाकडून एक पान लिहून घ्या

विखुरलेल्या टीमसाठी एकच गोष्ट करणार असाल तर ही करा. प्रत्येकाने ‘माझ्याबरोबर काम करताना’ या मथळ्याखाली अर्धं-एक पान लिहायचं आणि सगळ्यांना दिसेल अशा ठिकाणी ठेवायचं. सुरुवात लीडने करायची, कारण लीडचं पान प्रामाणिक असेल तरच बाकीचे मोकळेपणाने लिहितात. कासारवडवलीहून काम करणाऱ्या एखाद्या टेस्टरचं पान असं असू शकतं:

‘सकाळी ९ ते ११ माझं डोकं सर्वांत चांगलं चालतं, त्या वेळात शक्यतो कॉल ठेवू नका. साडेबारा ते एक मुलीला स्कूल बसवरून आणायला खाली जाते, तेव्हा फोनवर सापडेन, लॅपटॉपवर नाही. कॉलवर मला लगेच उत्तर सुचत नाही, प्रश्न आधी पाठवलात तर नीट विचार करून सांगेन. काम चुकलं असेल तर थेट सांगा, फक्त ग्रुपवर नको. दोन तास माझ्याकडून काही आलं नाही तर मी टेस्टिंगमध्ये गुंतले आहे असं समजा. घाईचं असेल तर फोन करा.’

यात तिने ‘मी अंतर्मुख आहे’ असं कुठेच लिहिलेलं नाही, तरी तिच्या अबोलपणाचा गैरअर्थ निघण्याची वाट बंद झाली. लोकांना स्वतःचा स्वभाव सांगायला लावू नका, कामाची सोय-गैरसोय सांगायला लावा. ते लिहिणं सोपं जातं आणि वाचणाऱ्याला लगेच वापरता येतं.

पायरी ५: मीटिंगमध्ये आधी लिहायचं, मग बोलायचं

मायकेल डील आणि वोल्फगांग श्ट्रोबे यांनी १९८७ मध्ये एक महत्त्वाची गोष्ट दाखवली. एकत्र बसून कल्पना सुचवताना एक जण बोलत असताना बाकीच्यांना थांबावं लागतं, आणि त्या थांबण्यातच पुष्कळ कल्पना अडतात. ऑनलाइन कॉलवर हे जास्तच जाणवतं, कारण दोघं एकदम बोलले की दोघांचंही काही कळत नाही, आणि भिडस्त माणूस ‘नाही नाही, तुम्ही बोला’ म्हणून मागे सरतो तो पुन्हा येत नाही.

दुसरीकडे, अनिता वुली आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दाखवलं की गटाची एकत्रित बुद्धी सदस्यांच्या सरासरी बुद्ध्यांकापेक्षा दोन गोष्टींशी जास्त जोडलेली असते: सगळ्यांना साधारण सारखं बोलायला मिळणं आणि समोरच्याच्या मनात काय चाललंय हे ओळखण्याची जाण. याच संशोधकांच्या २०१४ च्या अभ्यासात, एकमेकांना न पाहता फक्त लिहून बोलणाऱ्या ऑनलाइन गटांतही ही जाण तितकीच महत्त्वाची ठरली.

म्हणून अर्ध्या तासाची मीटिंग अशी चालवा. विषय आणि दोन-तीन प्रश्न आदल्या दिवशी संध्याकाळी टाका. कॉल सुरू झाला की पहिली सहा-सात मिनिटं सगळ्यांनी एकाच डॉक्युमेंटमध्ये आपलं मत लिहायचं, कोणीही बोलायचं नाही. ही शांतता पहिल्या दोन वेळा अवघड वाटते, सहन करा. मग लिहिलेलं वाचून चर्चा, आणि चर्चेत पहिलं बोलणं सर्वांत ज्युनिअर व्यक्तीचं. आपल्याकडे हे फार महत्त्वाचं आहे, कारण सर किंवा मॅडम एकदा बोलले की त्यांच्या विरुद्ध बोलणं ज्युनिअरला उद्धटपणा वाटतो. बोलक्या माणसाला गप्प करू नका, त्याला मीटिंग चालवायचं काम द्या. इतरांना बोलतं करणं ही त्याची जबाबदारी झाली की त्याच उत्साहाचा टीमला उपयोग होतो.

मीटिंग संपली की काय ठरलं ते चार ओळींत ग्रुपवर गेलंच पाहिजे.

पायरी ६: ‘हो सर’च्या पुढे जा

मनमिळाऊ माणूस टीमला बांधून ठेवतो, पण त्याला नकार देता येत नाही, आणि वरिष्ठांना तर नाहीच. समोरासमोर त्याचा ओढलेला चेहरा दिसला असता, चॅटवर फक्त होकार दिसतो.

लीड: शुक्रवारपर्यंत रिपोर्टचं मॉड्यूल होईल ना?
डेव्हलपर: हो सर, करतो.

हाच प्रश्न उलटा विचारून पाहा.

लीड: रिपोर्टचं मॉड्यूल शुक्रवारी द्यायचं म्हटलं तर कशात अडकशील?
डेव्हलपर: सर, डेटाबेसचा अ‍ॅक्सेस अजून आलेला नाही. बुधवारपर्यंत मिळाला तर शुक्रवार जमेल, नाहीतर सोमवार धरा.

दुसऱ्या प्रश्नात अडचण सांगणं हेच उत्तर असतं, त्यामुळे अडचण सांगायला धीर लागत नाही. तारीख ठरवणाऱ्या प्रत्येक बोलण्यात हा प्रश्न सवयीचा करा, आणि अडचण सांगणाऱ्याला तिथल्या तिथे ‘बरं झालं आत्ता सांगितलंस’ म्हणा. एमी एडमंडसन यांनी १९९९ मध्ये मांडलेली, टीममध्ये न घाबरता बोलता येण्याची भावना अशाच छोट्या प्रसंगांतून बसते.

आता दुसरं टोक, म्हणजे फटकळ माणूस. त्याचं तांत्रिक ज्ञान बहुधा चांगलं असतं, म्हणून त्याला सगळे सांभाळून घेतात. बेल यांच्या निष्कर्षामुळे मी याबाबत ठाम आहे: हे सांभाळून घेणं टीमला महाग पडतं. त्याच्याशी एकट्याने, शक्यतो समोरासमोर किंवा निदान व्हिडिओवर बोला. ‘तू उद्धट आहेस’ असं म्हणू नका. नेमका मेसेज दाखवा: ‘काल ग्रुपवर “हे इतकंही कळत नाही का” लिहिलंस, त्यानंतर दिवसभर कोणीही प्रश्न विचारला नाही.’ त्याच्या चुका काढण्याच्या नजरेला योग्य जागा द्या. कोड तपासणं किंवा आराखड्यातल्या त्रुटी शोधणं त्याच्याकडे सोपवा, पण शेरा कामावर असेल, माणसावर नाही, हा नियम लेखी ठेवा. दोन-तीनदा सांगूनही फरक पडला नाही तर एचआरला सोबत घेऊन पुढची पावलं उचला. ज्ञानी आहे म्हणून थांबू नका.

पायरी ७: काटेकोर माणसाच्या पाठीवरचं ओझं उतरवा

काटेकोर माणूस दुसऱ्याचं राहिलेलं काम रात्री बसून पुरं करतो आणि कोणाला सांगत नाही. रिलीज वेळेत जातं, सगळे खूश. ऑफिसात उशिरापर्यंत बसलेला माणूस निदान दिसतो, घरी बसलेला दिसत नाही. सहा महिन्यांनी त्याचा राजीनामा येतो तेव्हा सगळ्यांना धक्का बसतो.

उपाय असा, की ‘काम झालं’ म्हणजे काय ते प्रत्येक प्रकारच्या कामासाठी लिहून ठेवा: कोड तपासला, टेस्ट पास झाल्या, नोंद केली. मग ढिला माणूस अर्धवट काम पुढे ढकलू शकत नाही आणि काटेकोर माणसाला ते मुकाट्याने उचलावं लागत नाही.

हँडओव्हरलाही, म्हणजे दिवसअखेर काम पलीकडच्यांकडे सोपवण्यालाही, ठरलेला साचा लागतो. ठाण्यात संध्याकाळचे ७ वाजतात तेव्हा न्यू जर्सीत उन्हाळ्यात सकाळचे साडेनऊ असतात आणि हिवाळ्यात साडेआठ. मार्चचा दुसरा आणि नोव्हेंबरचा पहिला रविवार कॅलेंडरवर आत्ताच खुणावून ठेवा, कारण त्यांची घड्याळं तेव्हा बदलतात. हँडओव्हर चार ओळींचा पुरतो:

झालं: लॉगिनचा बग सुटला, तपासणी पूर्ण.
अडलं: पेमेंटच्या पानावर जुनी किंमत दिसते.
तुमच्याकडून हवं: किमतींची नवी फाइल.
कधीपर्यंत: तुमच्या दुपारी १२ पर्यंत, म्हणजे आमची सकाळ वाया जाणार नाही.

पाल्हाळ लावणारा आणि एका शब्दात उरकणारा, दोघांनाही हा साचा सारखाच उपयोगी पडतो.

पायरी ८: चिंता करणाऱ्याला अंदाज बांधता येऊ द्या

चिंताशील माणसाला विखुरलेल्या टीममध्ये सर्वांत जास्त छळते ती अनिश्चितता. उत्तर किती वेळात येईल ते ठरवून टाका: चॅटला चार तासांत, ई-मेलला दुसऱ्या दिवशी, खरंच घाई असेल तर फोन. रात्री ८ नंतर टाकलेल्या मेसेजला सकाळी उत्तर दिलं तरी चालेल, हे लीडने लिहून सांगावं आणि स्वतः पाळावं. मेसेज सकाळी जाईल असा लावून ठेवण्याची सोय चॅटमध्ये असेल तर वापरा.

या स्वभावाची दुसरी बाजूही वापरा. काय काय बिघडू शकतं हे अशा माणसाला सगळ्यांच्या आधी दिसतं. रिलीजच्या आठवडाभर आधी धोक्यांची यादी त्याच्याकडून करून घ्या. मनातली काळजी कागदावर आली की त्याचाही भार हलका होतो.

मात्र झोप उडणं, काम सुरूच करता न येणं, सतत रडू येणं हा स्वभावाचा भाग समजून सोडून देऊ नका. तिथे टीम लीडचं काम संपतं आणि डॉक्टरांचं सुरू होतं. सरकारची टेलिमानस ही मोफत हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

पायरी ९: नव्याची हौस असलेल्यांना मोजकं मैदान द्या

दर पंधरवड्याला नवं टूल सुचवणारा माणूस विखुरलेल्या टीमला दमवतो, कारण प्रत्येक बदल दहा घरांत एकट्याने शिकावा लागतो. त्याला महिन्यातून एक प्रयोग करू द्या, दोन जणांपुरता, आणि निष्कर्ष लिहून मागा. पटलं तर सगळ्यांसाठी.

पायरी १०: भेटा, पण भेटीवरच विसंबू नका

सिर्का यार्वेनपा आणि डोरोथी लायडनर यांनी देशोदेशी विखुरलेल्या टीमचा अभ्यास १९९९ मध्ये मांडला. एकमेकांना कधीच न भेटलेल्या टीममध्येही सुरुवातीलाच विश्वास तयार होऊ शकतो, पण तो टिकतो नियमित संवादावर आणि वेळेवर आलेल्या नेमक्या उत्तरांवर, असं त्यात दिसलं. वर्षातून एकदा रिसॉर्टला नेलं म्हणजे झालं, असं समजू नका.

तरीही तीन महिन्यांतून एकदा भेट ठेवाच. जागा ठाणे स्टेशनच्या आसपास घ्या. पनवेल-खारघर-ऐरोलीवाल्यांना ट्रान्स-हार्बर, कल्याण-डोंबिवलीवाल्यांना सेंट्रल, कोणालाच फार वळसा पडत नाही. साताऱ्याच्या माणसाचा प्रवासखर्च कंपनीने द्यावा. सकाळी मामलेदारची मिसळ, मग दोन तास एकमेकांची पानं पुन्हा वाचून दुरुस्त करायची. अबोल माणसांवर खेळ आणि गाणी लादू नका, जोडीजोडीने बोलायला वेळ द्या.

हे करू नका

स्वभावचाचणीचा निकाल अप्रेझलला, बढतीला किंवा कोणाला काढायला वापरू नका. एकदा वापरलात की पुढच्या वेळी प्रत्येक जण तुम्हाला हवं तेच उत्तर लिहील. चाचणी घ्यायचीच असेल तर ऐच्छिक ठेवा, निकाल ज्याचा त्याच्याकडे राहू द्या, आणि तुमच्याकडे काही साठणार असेल तर २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याबद्दल एचआरशी आधी बोला. कॅमेऱ्याचीही सक्ती नको. वन बीएचकेमध्ये मागे सासूबाई स्वयंपाक करत असतील तर कॅमेरा बंद असण्याचा उत्साहाशी संबंध नसतो.

दीड महिन्याने काय तपासायचं

मनाला कसं वाटतंय यावर जाऊ नका, तीन गोष्टी पाहा. अडचण आली आणि ती ग्रुपवर सांगितली गेली, यातलं अंतर कमी झालं का? परत करावं लागलेलं काम घटलं का? मीटिंगच्या डॉक्युमेंटमध्ये प्रत्येकाच्या नावापुढे काहीतरी लिहिलेलं असतं का? तिन्हींत फरक नसेल तर पायरी ३ वर परत जा. बहुधा एखाद्या माणसाबद्दलचा तुमचा अंदाज चुकलेला असतो.

नवा माणूस रुजू झाला की आधी सगळ्यांची पानं त्याला वाचायला द्या, पहिल्या आठवड्यात प्रत्येकाबरोबर त्याचा वीस मिनिटांचा कॉल लावा, आणि त्याचं स्वतःचं पान दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी मागा. त्याआधी मागितलंत तर तो इतरांचं पाहून तसंच लिहून देतो.